चौथ्या खिडकीतली ताई

पालिकेच्या कचेरीत खिडक्या सहा आणि माणूस एक. ते माणूस म्हणजे ताई. नगराध्यक्षांनी चार वर्षांत पाच जणांना घरी पाठवलं आणि दर वेळी पत्रकात 'बचत' हा शब्द आणखी मोठ्या टायपात छापला. तेव्हापासून ताई पहिल्या खिडकीत अर्ज घ्यायची, दुसरीत शिक्का मारायची, तिसरीत स्वतःलाच "जोडपत्रं कुठायत?" असं दरडावायची आणि चौथीत जाऊन नम्रपणे उत्तर द्यायची. लोकांचं मत पडलं होतं की तिसरीतली ताई खाष्ट आहे. चौथीतली बरी.

काढलेल्या पाचांपैकी आवक-जावकवाले काका अजूनही रोज दहाला येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. "घरी तुझी काकू पडदे धुवायला लावते," ते म्हणायचे. "इथं निदान इज्जतीत बेकार आहे."

त्या दुपारी साडेतीनला स्वतः नगराध्यक्ष आले. ते पुन्हा निवडणुकीला उभे होते आणि पाचला पालिकेच्या सभागृहात त्यांची सभा होती. परवानगी काढायची राहून गेली होती, कारण अशा गोष्टींची आठवण करून देणारा लिपिक त्यांनीच काढला होता.

ताईने अर्ज वाचला. सभेचं कारण लिहिलं होतं, 'पालिकेतील शेवटचे पद रद्द करण्याची घोषणा'.

"शेवटचं पद म्हणजे मीच ना, साहेब?"

"मनाला लावून घेऊ नका, ताई."

"छे हो. घरी पाच जण माझ्या एका पगारावर जेवतात, त्यांना आधी सांगून ठेवते. म्हणजे रात्री कमी भूक लागेल."

"बचत होतेय बचत! जनतेला दिसतंय!"

"काय दिसतंय?" काकांनी बाकावरून मान आत घातली. "बचत कशी करावी याचा अहवाल लिहायला कंपनी नेमलीत. सात खंड आले. ते कुठं ठेवावेत यावर आठवा मागवलात. अन् बाजारातली निम्मी दुकानं बंद! का? पगार घेऊन भाजी घेणारी माणसं तुम्ही घरी बसवलीत. आम्ही आता नुसते भाव विचारून येतो."

नगराध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "ताई, मंजूर करा पटकन."

"मी तपासलं, साहेब. पण तपासणारा आणि मंजूर करणारा एकच नसावा, हे तुमचंच परिपत्रक. एरवी मंजुरी तुम्ही देता. आज अर्जदारच तुम्ही."

"मग नेमा कुणालातरी! एका दिवसापुरता!"

"नेमणूक तुमच्या सहीने होते. आणि नमुन्यात 'एक दिवस' असा रकाना नाही. 'कायम' एवढाच आहे."

काकांनी तोवर भांग पाडला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी सही झाली. काका पाचव्या खिडकीत गेले, खुर्ची पुसली, चष्मा पुसला, खुर्ची परत पुसली आणि अर्ज दोनदा वाचला.

"त्रुटी आहे."

"आता काय?"

"'शेवटचे पद' लिहिलंय. आता पदं दोन आहेत. खोट्या कारणासाठी सभागृह देता येत नाही."

"अहो, मग लिहू काय?" नगराध्यक्षांचा आवाज चिरकला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"जे झालंय ते लिहा."

पेन चावून त्यांनी लिहिलं, 'रोजगारवाढीची घोषणा'. काकांनी मंजूर केलं.

सभेत नगराध्यक्ष नाइलाजाने म्हणाले, "आम्ही आज एका दिवसात कर्मचारी दुप्पट केले!" आणि सभागृह टाळ्यांनी हादरलं. चार वर्षांत त्यांना अशी टाळी मिळाली नव्हती. त्यांना चेव आला. "सहाही खिडक्यांत माणसं बसवू! उद्यापासून!"

सभेचं इतिवृत्त लिहिणंही ताईकडेच होतं. तिने ते तिथंच लिहिलं आणि टाळ्या थांबायच्या आत मंचावर जाऊन सही घेतली. "शिवाय नेमणुकीचे चार नमुने भरून आणलेत, साहेब. यांच्यावरही."

"मत तरी देणार ना मला?" सह्या करता करता त्यांनी हळूच विचारलं.

"ते खातं माझ्याकडे नाही," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काढलेले पाचही जण आपापल्या खिडकीत होते. ताई एकाच खुर्चीत, पहिल्या खिडकीत बसली. दुपारी एक आजोबा रांगेतून पुढे आले आणि तिच्याकडे वाकून हळहळले.

"चौथ्या खिडकीतल्या ताईंना काढलं का हो? फार चांगल्या होत्या."