तिला विचारा

मोठ्या साहेबांनी बूट काढले, टाय सैल केला आणि जमिनीवर पसरलेल्या गादीवर ते आडवे झाले. ती त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि तिने पंप सुरू केला. गादीतले कप्पे एकामागून एक फुगू लागले.

"वा," छताकडे बघत साहेब म्हणाले. "सर, ही हवा किती वेळाने जागा बदलते?"

सर म्हणजे तिचा नवरा. तो शाळेत इतिहास शिकवायचा. आज गादी उचलायला म्हणून रजा टाकून आला होता.

"तिला विचारा," तो म्हणाला.

तिने सांगितलं. वेळेवर नाही, दाबावर. अंगाचा भार एकाच जागी फार वेळ पडला की तिथली हवा आपोआप कमी होते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होत नाहीत. आईच्या पाठीवरच्या तसल्या जखमा तिने स्वतः धुतल्या होत्या, पण ते ती बोलली नाही. आईचं नाव काढलं की लोक यंत्राचं ऐकायचं सोडून हळहळत बसतात.

या कंपनीने स्त्री उद्योजकांसाठी खास निधी काढला होता. भिंतभर फलक होता आणि आल्या आल्या तिच्या हातात पुष्पगुच्छ आला होता. फुलं बाईला, प्रश्न बाप्याला, असा सगळा कारभार.

"पेटंट कुणाच्या नावावर आहे, सर?"

"तिच्या. तिलाच विचारा."

"आणि पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न काय आपलं?"

"माझं? नववीचा अभ्यासक्रम वेळेत संपवायचा."

तिला हसू आलं. असा नवरा मिळाला म्हणून बरं, असं तिच्या मनात येतंय तोवर साहेबांनी मान वळवली आणि तिला तिच्या वाट्याचा एकुलता एक प्रश्न विचारला.

"मॅडम, मुलं लहान असतील ना? घरचं कसं जमवता हो?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यालाही तीच मुलं होती, तेच घर होतं. पण तीन रुग्णालयांनी गाद्या मागितल्या होत्या, माल भरायला भांडवल नव्हतं आणि इथून होकार आला नाही तर कारखान्याला टाळं लागणार होतं. अडला हरी म्हणतात तसं. राग गिळून ती म्हणाली, "जमतं."

"गादी उत्तम आहे," साहेब पडल्या पडल्या म्हणाले. "आम्ही पैसे घालतो. फक्त सूत्रं सरांच्या हाती हवीत. बाईमाणसाला कधी कुणाचं आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा. सर पूर्णवेळ आले तर आम्ही निर्धास्त. पगार शाळेपेक्षा बराच बरा असेल."

ती नवऱ्याच्या त्या दोन शब्दांची वाट बघत राहिली. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

साहेबांवरचा राग तिच्या सवयीचा होता. असे साहेब तिने पुष्कळ पाहिले होते. हा राग नवा होता आणि तो करायचा कसा हेच तिला कळेना. तिने पंप बंद केला.

"उठता का? गादी गुंडाळायचीय."

"अहो, पण आपलं बोलणं..."

"झालं की. मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. नको."

गुंडाळी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोघं जिन्याने उतरू लागले. तो पुढचं टोक धरून, ती मागचं.

"अगं, नावापुरताच प्रमुख झालो असतो," तो म्हणाला. "कारखाना तर वाचला असता."

"वाचला असता," ती म्हणाली.

वळणावर अडकलेली गुंडाळी तिरकी करून दोघं एक मजला उतरले.

"तुला खरंच यायचंय का कामाला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"पंप जोडायला माणूस हवाय. कारखाना चालू राहिलाच, तर अर्ज कर. मुलाखत मी घेईन."

तो मोठ्याने हसला. ती हसत नाहीये, हे कळायला त्याला आणखी एक मजला लागला.