दोन मुंडक्यांचा स्वेटर

मी निळ्या लोकरीचा स्वेटर बोलतोय. वर्धा जिल्ह्यात स्वेटरनं तोंड उघडलं की लोकांना घाम फुटतो. फुटू द्या.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या चर्चमधल्या एडिथबाई इकडच्या एका अनाथ मुलीच्या पालक झाल्या, पत्रानंच; तिचा खर्च त्या तिकडून धाडत. सिंदीजवळचं मिशन बालगृह सांभाळणाऱ्या लीलाबाईंनी त्या मुलीच्या, इंदिराच्या, छातीचं माप कळवलं: साठ. लीलाबाईंचे साठ सेंटिमीटर. एडिथबाईंनी विणले साठ इंच! १९७४ साली पार्सल फुटलं, तेव्हा पोस्टमन मला मेंढरू समजून दोन पावलं मागे सरला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

इंदिरा नऊ वर्षांची, तिची बहीण माणिक पाचची. माणिकला परदेशात पालक मिळेना, म्हणून तिला खानदेशातल्या दुसऱ्या बालगृहात धाडायचं ठरलं.

"तिले काऊन धाडता, बाई?" इंदिरानं लीलाबाईंना विचारलं.

"वरून हुकूम हाय, पोरी. मी का करू?"

इंदिरा रडली नाही. तेच मला खटकलं.

भेट अंगात घालून मुलांनी फोटो काढायचा आणि तो पालकांना पाठवायचा, अशी रीत. ऐन मे महिन्यात फोटोवाले बबनराव आले. मी इंदिराच्या घोट्यांपर्यंत लोंबत होतो. बबनराव कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली शिरले, तशी तिनं माझा काठ उचलून माणिकला आत ओढलं. गळ्यातून दुसरं डोकं वर आलं!

"अवो, मुंडकं एकच पायजे! कागदावर एकीचंच नाव हाय."

"स्वेटर एकच हाय ना? काढा मंग."

"बाई, सांगा ना हिले!"

लीलाबाई जवळ आल्या. आत इंदिरानं बहिणीची कंबर अशी आवळली होती की माझे टाके तटतटत होते.

"काढा बबनराव. लेकरं शिजून राह्यली आत," बाई म्हणाल्या. "अन् तिकडून उत्तर येईस्तोवर माणिक कुठंच जात नाई. हुकूमवाल्याइले मी पाहून घेतो."

दोन महिन्यांनी एडिथबाईंचं पत्र आलं: ‘माझ्या स्वेटरात दोन मुली आहेत. दोघी माझ्या.’

दोघी याच छपराखाली मॅट्रिक झाल्या. आता इंदिरा दवाखान्यात नर्स आहे, माणिक शाळेत बाई.

मला कसर लागली आहे. लीलाबाईंनी मला उसवायला घेतलंय. चार लेकरांचे स्वेटर होतील म्हणे. एक बाही गेलीसुद्धा. उसवा बाई, खुशाल. फक्त विणताना थोडं सैल विणा.