चुन्याचा ठिपका

वृषभनं किल्ली फिरवली, मागचं इंजिन फटफटत सुरू झालं आणि आण्णाप्पा हात पुसता पुसता थांबला.

निपाणीच्या हमरस्त्याला लागून त्याचं एकट्याचं गॅरेज होतं. समोर त्याच्या गिऱ्हाइकाची, वृषभची जुनी बीटल गाडी उभी होती. तिचं इंजिन मागं, तेही पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं. वृषभनं हौसेनं तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं आणि दोनदा गिअरबॉक्सचे दात पाडून घेतले. म्हणून यावेळी आण्णाप्पानं जुन्या व्हॅनचा दणकट गिअरबॉक्स बसवला होता.

त्यात एकच मेख होती. त्या व्हॅनच्या चाकांपाशी दातेरी चक्रांची आणखी एक जोडी असते, ती फिरण्याची दिशा उलटी करते. बीटलला ती नसते. म्हणून गिअरबॉक्स उघडून आतलं मोठं चक्र, क्राऊन, एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला फिरवून बसवावं लागतं. ते राहिलं, तर पहिला गिअर टाकला की गाडी मागं पळते.

आपण क्राऊन फिरवला का?

गिअरबॉक्स उघडल्याचं आठवत होतं. बेअरिंग धुतल्याचं आठवत होतं. तेवढ्यात बायकोनं, मालुबाईनं जेवायला हाक मारली होती. जेवून आल्यावर त्यानं झाकण लावलं. मधलं काहीच डोळ्यांपुढं येईना. चाळीस वर्षं आतलं काम पुरं झालं की तो झाकणावर बोटानं चुन्याचा ठिपका द्यायचा, मग उरलेला चुना तंबाखूत मळायचा. गेल्या महिन्यात डॉक्टरनं तंबाखू सोडवली. डबी घरी राहिली, आणि ठिपकाही राहिला.

दाराला टेकून त्याचा मुलगा आदर्श उभा होता. आज तो बेळगावहून मुद्दाम आला होता. दिवाळीत आण्णाप्पाकडून एका जीपच्या चाकाचे नट आवळायचे राहिले आणि काकतीजवळ चाक निखळलं. माणसं वाचली. त्या दिवशी आदर्श म्हणाला होता, "आप्पा, आता एक जरी चूक झाली, तर गॅरेजची किल्ली माझ्याकडं." आण्णाप्पानं मान हलवली होती.

"आण्णा, सोडू का?" वृषभ आतून ओरडला. "दुपारपत्तोर कणकुंबीचा घाट चढवतो बघा!"

फिरवला असणारच, आण्णाप्पानं स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं हेच करतोय. बोललो तर गॅरेज गेलं. गाडीमागं दोन हातांच्या अंतरावर, गाड्यांखाली उतरून काम करायचा खड्डा होता आणि त्याच्या काठाशी मालुबाई चहाचे पेले मांडत वाकली होती.

वृषभचा हात गिअरवर गेला.

"टाकू नगंस!" आण्णाप्पाचा आवाज चिरकला. "मालू, बाजूला हो!"

"काय झालं वं?" मालुबाई पेले तसेच टाकून सरकली.

"क्राऊन फिरवलाय का न्हाई... माझ्या ध्यानात न्हाई."

 आदर्शनं पुढं येऊन जॅक लावला. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली.

"आता टाक पहिला. हळू सोड क्लच," तो वृषभला म्हणाला.

चाकं फिरली. मागं.

"आयला!" वृषभ हसायला गेला, मग त्याची नजर खड्ड्याकडं गेली. त्यानं इंजिन बंद केलं.

आण्णाप्पानं खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. 

"अहो, किल्ली काय देताय?" वृषभ म्हणाला. "ह्ये उलटं सरळ कोण करणार? मला दुसरं कोण ठावं न्हाई."

आदर्शनं मूठ मिटली. किल्ली त्यानं परत दिली नाही.

"किती दिवस लागतील, आप्पा?"

"इंजिन उतरवायचं, परत उघडायचं... दोन."

"उद्या आठला मी कुलूप उघडतो. तुम्ही काम करायचं, मी बघायचं. ठिपका दिसल्याबिगर झाकण लावू देणार न्हाई."

"चुना तर घरात—"

"चुना मी आणतो," आदर्श म्हणाला. "नुसता चुना. तंबाखू मागायची न्हाई."