खांद शेकलेली मशीन

"सगळा धूर माह्याच लुगड्यात. धुतलं तरी पेट्रोल, वाळवलं तरी पेट्रोल. देवापुढं बसली तर देवाले वाटते, पंपावरून आली बाई."

रुखमाबाई हे अगदी माझ्या तोंडापाशी पुटपुटल्या. मी ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होते आणि दोन हातांवर त्यांचे मालक, जागेश्वरभाऊ, चहा पीत बसले होते. त्यांनी मान काही वर केली नाही.

मित्रांनो, ज्या मशीनवर ही तक्रार होती, ती मी. गवत आणि धान कापायची पेट्रोलची मशीन. दुकानात मला ब्रश कटर म्हणायचे. लांब दांडा, वरच्या टोकाला इंजिन, खालच्या टोकाला गोल पातं आणि गळ्यात अडकवायला पट्टा. माझा कारखाना कुठला ते मला सांगता येणार नाही, कारण तिथून निघाले ती डोळे मिटून, खोक्यात बसून. डोळे उघडले ते आसगावात, जागेश्वरभाऊंच्या अंगणात, निम्मं गाव भोवती उभं असताना.

त्या वर्षी भाऊंच्या जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला आणि दुसऱ्याला एकट्याने करमेना म्हणून तो मेहुण्याकडे दिला. गोठा रिकामा झाला. मग पोळ्याच्या आदल्या सांजेला, बैलांचे खांदे शेकायची वेळ झाली तशी भाऊंनी मलाच गोठ्यात उभं केलं. हळद-लोण्यात पळसाचं पान बुडवलं आणि माझ्या दांड्याला, पट्ट्याला हलके हलके लावलं. "आज खांद शेकतो, उद्या जेवाले ये," असं बैलाला म्हणतात ना, तसंच मला म्हणाले. मी लोखंडाची आहे. तरी त्या सांजेला मला खांदा फुटला असं वाटलं.

पण मायेला हिशोब नसतो आणि इंजिनाला हिशोबच लागतो. माझ्या पेट्रोलात थोडंसं ऑइल मिसळावं लागतं, मापाने. भाऊंनी आयुष्यभर बैलांना कामाच्या दिवसांत तेल पाजलेलं. मलाही ते मापापेक्षा दुप्पट पाजायचे. "चांगली राबते बिचारी, हात काहून आखडाचा?" मी खोकायचे, दाट धूर सोडायचे, आणि तो पाहून ते खूश व्हायचे की बघा किती ताकद आली. पवनीचा मिस्त्री परसराम माझी काजळी खरवडून दमला. "भाऊ, हे मशीन आहे, बाळंतीण नाही," असं त्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

राबले मात्र मी खरी. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, कमरेएवढं गवत मी सकाळच्या सकाळी लोळवायचे. विळ्याने त्याला चार दिवस लागायचे आणि त्यातले तीन रुखमाबाईंच्या कंबरेचे असायचे. धुराला त्या नावं ठेवत, पण मला खुंटीवर टांगताना हात फिरवल्याशिवाय राहत नसत.

आता एक कबूल करते. माझ्या खोक्यात कानांवर घालायच्या दोन लाल वाट्या होत्या. भाऊंनी त्या उलटसुलट पाहिल्या आणि वांग्यांच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घातल्या. शोभत होत्या हो. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या कानाशी ओरडले, आणि बुजगावण्याचे कान तेवढे शाबूत राहिले.

भाऊ भजनात ढोलकी वाजवायचे. असा हात पंचक्रोशीत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. गेल्या काही वर्षांत ठेका मागे पडायला लागला. मंडळी टाळ जोरात कुटायची, हसून वेळ मारून न्यायची. घरात रुखमाबाई मोठ्याने बोलायला लागल्या आणि पुटपुटायच्या ते फक्त माझ्याशी. लेक हर्षा लाखांदुराहून फोन करायची, तर भाऊ सगळ्याला "हो, हो" म्हणायचे. सगळ्यांना कळत होतं. पण ढोलकीवाल्याला ते सांगायचं कोणी?

मित्रांनो, माझं एक ऐका. यंत्रावर माया करा, पण त्याच्या रीतीने करा. तेल मापाने द्या. खोक्यातल्या वस्तू बुजगावण्याला देऊ नका.

यंदा माझ्याने चालवेना. तेव्हा एका सकाळी धुऱ्यावर दोन नव्या मशीनी आल्या आणि मला त्या पाहायला बाभळीला टेकवून ठेवलं. एक परसरामने आणली होती. पेट्रोलचीच, पण ऑइल वेगळं घ्यायची, धूर नावाला. माझ्याच जातीतली, पण सुधारलेली. मला तिचा अभिमान वाटला. आवाज मात्र घराण्याचाच. भाऊंना तो लगेच आवडला.

"हे मशीन," ते म्हणाले. "काम करते ते आयकू आलं पायजे."

दुसरी हर्षाने आणली, तिच्या बचत गटाची, बॅटरीवरची. "एका चार्जिंगात तासभर चालते बाबा, मंग बॅटरी बदलावी लागते," हे तिने आधीच सांगितलं, लपवलं नाही. मग तिने सुरू करून दाखवली आणि मी थक्क झाले. गवत आडवं होत होतं आणि शेजारच्या धुऱ्यावरचा बगळा जागचा हलला नाही. माझ्या उभ्या जन्मात बगळा माझ्यासमोर थांबला नव्हता.

"आता तुमी पाहा," हर्षा म्हणाली.

भाऊंनी पट्टा अडकवला, खटका दाबला. पातं फिरू लागलं. भाऊ मोटरच्या बाजूला कान करून उभे राहिले. खटका आणखी दाबला.

"हे तं मेलेलं आहे," ते म्हणाले, आणि दाखवायला तसेच सगळ्यांकडे वळले, खटका दाबलेलाच.

फिरतं पातं बाजूला पाहत उभ्या असलेल्या रुखमाबाईंच्या पोटऱ्यांपाशी आलं. "बाबा, सोडा," हर्षा ओरडली. परसरामही ओरडला. भाऊ हसतच होते. हर्षा मागून धावली आणि तिने बॅटरी उपसून काढली. लुगड्याचा काठ वीतभर कापला गेला होता. पाय वाचला होता.

भाऊंनी तो काठ पाहिला. मग पात्याकडे पाहिलं.

"सुरू कवा झाली ही?" त्यांनी विचारलं.

परसराम आपल्या मशीनचा पाना शोधू लागला. हर्षा हातातल्या बॅटरीकडे पाहत राहिली. मी तर बोलूच शकत नव्हते, आणि दोष माझाच होता.

रुखमाबाई पुढे आल्या. त्यांनी भाऊंची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं. ना ओरडल्या, ना पुटपुटल्या.

"मशीन पयल्यापासूनच सुरू होती," त्या म्हणाल्या. "तुमालेच आयकू येत नाही जी. चार वर्षं झाली."