कडक नमुना

तांबट आळीतल्या कुसाबाईंनी भट्टीशेजारी पन्नास वर्षं काढली. त्यांच्या सासऱ्यांची रीत अशी, की काशाचा रस साच्यात ओतण्याआधी एक कांडी ओतायची, निवली की मोडायची आणि आतला दाणा बघायचा. कथील जास्त पडलं तर भांडं वाजायचं गोड, पण हातातून निसटलं की तुकडे.

त्यांच्या भावाची नात वेदिका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती, तीही मिश्रधातूवरच.

"आत्याआजी, पाच धातू. लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, ॲल्युमिनियम. कुणी एक मुख्य नाही."

"एकत्र कुटुंबच की! मग भांडण कुणाचं?"

"ॲल्युमिनियमचं. त्याचा अणू थोराड. थोडा असला तर बाकीचे सरकून जागा देतात. जास्त झाला की आतली सगळी मांडणीच बदलते. धातू कडक होतो, पण ठिसूळ."

"अगदी आमच्या मधल्या जाऊबाई."

तीन वर्षं खपून वेदिकाने योग्य प्रमाण शोधलं होतं. पण तिचे मार्गदर्शक खैरनार सर यांना फक्त कडकपणाचा आकडा कळायचा. आकडा मोठा, तो मिरवणारा प्रयोगशाळेतला फलक मोठा, म्हणून सरही मोठे. सातपूरचे कारखानदार सोमनाथशेठ चाचणी बघायला येणार होते, आणि तिथे टिकेल त्याच नमुन्यावर वेदिकाचा प्रबंध पुढे जायचा होता. सरांनी ॲल्युमिनियम वाढवून स्वतःचा पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडायचा ठोकळा, ओतवून घेतला.

चाचणीला कुसाबाई हौसेने गेल्या. "सर, एखादी कांडी मोडून बघितलीत का?"

"आजी, हे घंटा-समयांचं काम नव्हे. इथे मोडत नाहीत, मोजतात."

सरांचा पंच लावलेला प्रेस तांब्याच्या पत्र्यावर उतरला. पंचाचे तीन तुकडे झाले.

"बघा, किती स्वच्छ तुटलाय!" सर म्हणाले. "संशोधनाच्या दृष्टीने फार मोलाचं."

"हे संशोधन माझ्या कारखान्यात रोज फुकट होतं," सोमनाथशेठ म्हणाले आणि गाडीची किल्ली काढू लागले.

वेदिकाने ॲप्रनच्या खिशातून आपला पंच काढला.

"वेदिका, आत्ता नको," सर दातांतून बोलले.

"लाव गं पोरी," कुसाबाई मोठ्याने बोलल्या.

चाळीस ठोके झाले. पत्र्याची चाळण झाली, पंचाची धार जराशी गोलावली, तुटला मात्र नाही. सरांचा चेहरा लगेच खुलला. "आमच्या विभागाची दिशा पहिल्यापासून हीच..."

"ॲल्युमिनियम किती घातलंय?" सोमनाथशेठनी विचारलं.

सर फलकाकडे बघत राहिले. फलकावर आकडा दुसऱ्याच नमुन्याचा होता.

"बाकीच्यांचा एकेक वाटा, त्याचा अर्धा," वेदिका म्हणाली.

सोमनाथशेठनी चाचणीच्या कागदावर तिचं नाव घातलं आणि मार्गदर्शकाच्या सहीसाठी कागद सरांपुढे सरकवला. सरांनी आधी वरचा खिसा चाचपला, मग दोन्ही बाजूंचे.

"घ्या, माझं घ्या," पिशवीतून पेन काढत कुसाबाई म्हणाल्या. "सावकाश करा सही. आम्ही बसलोय."