सवतीहून वाईट

"तुझ्यावर कसलाच आरोप नाही, बाई. तू देवळात जातेस, भिक्खूंना भात वाढतेस," कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी सेंगमणीला म्हणाला. "नवऱ्याला तेवढं समजाव. परक्यांचा धर्म लाओ माणसाला कशाला हवा? येशूला सोडलं एवढं गावासमोर म्हणू दे, आज घरी ने."

त्याने नाही म्हटलं, तर घर पाडणार होते. शेजारी उभ्या गावप्रमुखाने मान खाली घातली.

सेंगमणी आत कोठडीत गेली. थोंगदाम जमिनीवर बसला होता, दोन्ही पाय लाकडी खोड्यात अडकवलेले. घोटे सुजले होते. तिने चिकट भाताची टोपली आणि मिरचीची चटणी त्याच्यापुढे ठेवली.

अधिकाऱ्याचा निरोप तिने सांगितला खरा, पण तिच्या मनात वेगळंच खदखदत होतं. संसारभर तिने या माणसाची दारू सोडवायला काय नाही केलं? नवस बोलली, मनगटाला मंतरलेले दोरे बांधले, पाया पडली. आणि मेकाँग नदीपलीकडून कुणी तरी येशूचं नाव घेऊन आलं नि एका पावसाळ्यात याची दारू सुटली. शेजारणी म्हणाल्या, नशीब उघडलं तुझं. तिचं मात्र काळीज जळत राहिलं. सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. याच्याशी भांडायचं कसं?

"माझ्यासाठी नाही सुटली तुमची दारू," ती म्हणाली. "त्याच्यासाठी सुटली. असं काय दिलं त्याने?"

थोंगदामने सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवला.

"तू रडायचीस, तेव्हा मला माझी लाज वाटायची. लाज वाटली की पुन्हा प्यायचो. त्याने मला लाजवलं नाही गं."

ते तिला फार लागलं. म्हणजे तिचे अश्रूच वाईट ठरले.

"आणि यांनी येशूऐवजी मला सोड म्हटलं असतं तर? माझ्यासाठी बसला असतात असे खोड्यात?"

"बसलो असतो." मग खाली बघत तो म्हणाला, "आज बसलो असतो. पूर्वी एका बाटलीसाठी सोडलं असतं तुला."

तिने टोपली त्याच्याजवळ सरकवली. हा तिला न सोडणारा नवराही त्या दुसऱ्यानेच तिला दिला होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

दारातून अधिकाऱ्याने विचारलं, काय म्हणतो?

"जेवतोय," ती वळून न पाहता म्हणाली. "जेवू द्या."

त्याच आठवड्यात घर पाडलं. तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली नाही. पडलेल्या फळ्या उचलून तिने शेताच्या कडेला झोपडी उभी केली. येशूला मानणाऱ्या बायका एकदा तिच्यासाठी तांदूळ घेऊन आल्या, तेव्हा तिने तांदूळ ठेवून घेतले, पण प्रार्थनेला बसली नाही.

दर आठवड्याला ती टोपली घेऊन कोठडीत जायची. भाताला हात लावण्याआधी थोंगदाम डोळे मिटायचा. त्याचे ओठ त्या दुसऱ्याशी बोलत राहायचे. सेंगमणी समोर बसून राहायची, आणि तो बघत नसे तेवढ्या वेळात त्याचा चेहरा डोळे भरून बघून घ्यायची.