न्योकाबी कधी जन्मणार?

“वाइरिमू, ए वाइरिमू! इकडे ये माझी बाय!”

सासूबाई गावाहून आल्या की नैरोबीतल्या त्या एका खोलीत दिवसभर हाच गजर चाले आणि गाथोनीच्या अंगाचा तिळपापड होई. कारण गाथोनीच्या लेकीचं नाव वाइरिमू आणि सासूबाईंचंही वाइरिमूच. किकुयू लोकांची रीतच तशी. पहिला मुलगा नवऱ्याच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा बायकोच्या वडिलांच्या. पहिली मुलगी सासूच्या नावाची, दुसरी बायकोच्या आईच्या. ज्याचं नाव, तोच पुन्हा जन्मला असं मानायचं. गाथोनीला दोन मुलगे झाले, मग मुलगी. राहिली फक्त तिची आई, न्योकाबी.

“बघा गं, मी पुन्हा चालायला लागले!” म्हणत सासूबाई नातीला जिन्याजिन्यावर मिरवीत. गाथोनी मक्याच्या पिठाची उगाली घोटता घोटता पळी भांड्यावर आपटी. माझ्या आईनं कोणाचं घोडं मारलंय? तिच्या नावानं का नाही कोणी हाक मारायची?

खरं तर तिनं आणि नवऱ्यानं, म्वाउरानं, मिळून ठरवलं होतं की तीन पुरे. मुलगे पलंगाखाली चटईवर झोपत. नळाला पाणी येईल तेव्हा येई, आणि शाळेत बाकाच्या कडेवर बसायलाही भांडावं लागे. धाकटी जरा मोठी झाली की कोपऱ्यावर मंदाझी, म्हणजे गोड फुगीर वडे, तळायची टपरी टाकायची, हे गाथोनीचं जुनं स्वप्न. म्हणून ती नेमानं दवाखान्यात जाऊन पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेई. या खेपेला तारीख आली आणि ती मुद्दाम गेली नाही. म्वाउराला पत्ताही लागू दिला नाही.

सासूबाई गेल्या आणि दोन दिवसांनी रताळ्यांची पिशवी घेऊन आई आली. गाथोनीला राहवेना.

“आई, या वेळी मी सुई टोचून घेतली नाही. आता तू जन्मतेस बघ!”

आई हरखेल असं तिला वाटलं होतं. रताळी सोलणाऱ्या न्योकाबीनं हातातली सुरी खाली ठेवली.

“आणि मुलगा झाला तर?”

“तर... म्वाउराच्या भावाचं नाव.”

“म्हणजे मी बाहेरच. मग?”

“मग पुन्हा बघू.”

“अगं, मी काय लॉटरी आहे, लागेपर्यंत तिकिटं काढायला?”

“पण तुला काहीच वाटत नाही? ती बाई किती तोरा मिरवते!”

“वाटतं तर! जळते मी. बाजारात भेटली की विचारते, ‘तुम्ही अजून वाटेतच का?’ तिच्या डोक्यावर टोपली उपडी करावीशी वाटते. पण जळजळ माझी आहे, मी सोसेन. तिच्यासाठी तू का बाळंत होतेस?” न्योकाबीचा आवाज खाली आला. “तुझी शाळा का सुटली, आठवतं?”

“धाकट्या बहिणीला सांभाळायला.”

“आणि धाकटीचं नाव कोणाचं?”

धाकटीचं नाव न्योकाबीच्या आईचं होतं.

“मलाही माझ्या आईला जन्माला घालायचं होतं. मध्ये मुलगेच होत गेले. ती आली तेव्हा तुझं दप्तर मी माझ्या हातानं खुंटीला टांगलं. आपल्याकडे निदान शेत होतं, पोरी. इथे काय आहे?”

दारात थोरला मुलगा मांडीवर वही घेऊन लिहीत होता. गाथोनीची नजर त्याच्या वहीवर गेली. अरे देवा! मत्सराच्या भरात मी कोणाचं दप्तर काढून घ्यायला निघाले होते!

दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. वेळ अजून गेलेली नव्हती; गाथोनीनं इंजेक्शन घेतलं. संध्याकाळी तिनं म्वाउराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “रुसवा तुझा खरा होता. पण मला सांगायचं तरी.”

वर्ष उलटलं. कोपऱ्यावर टपरी उभी राहिली आणि फळीवर म्वाउरानं निळ्या रंगात लिहिलं: न्योकाबी. सकाळपासून गल्ली ओरडू लागली, “न्योकाबी, दोन गरम दे!” “न्योकाबी, चहा आण!”

वाचकहो, वाडवडिलांचं नाव राखायला घरात माणसांची दाटी लागत नाही. जी मुलं आहेत त्यांना पोटभर अन्न, शाळा आणि हातपाय पसरायला जागा मिळाली, की घर मोठं होतं आणि शहरही!

पुढच्या खेपेला सासूबाई टपरीसमोर उभ्या राहिल्या. फळी वाचली, चेहरा पडला.

“आणि माझ्या नावाची टपरी कधी?”

“दुसरी तुमचीच, सासूबाई,” गाथोनी हसली. “पण पहिली आधी पायावर उभी राहू दे.”